सातव्या प्राचार्यांनी राखून ठेवलेला मार्क

ज्या माणसाविरुद्ध मी आजवर सगळ्यात जास्त पत्रकं काढली, त्याच्याविषयी आज बरं लिहायला बसलेय. सवय नाही. माझ्या लिहिण्यात पहिल्या ओळीला धिक्कार असतो, मधे मागण्या आणि शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल'. इथे त्यातलं काही चालणार नाही, हे कळतंय. तरी मधूनच जुना सूर लागला तर लागू दे. चिडायला कारणं संपलेली नाहीत.

ते आमच्या कॉलेजचे प्राचार्य. विश्रामबागच्या पलीकडे, जिथे सांगली संपून ऊस सुरू होतो, तिथे आमचं कॉलेज. सरांना सगळे 'सातवे सर' म्हणायचे आणि हे नाव त्यांनी स्वतःच पाडून घेतलेलं. त्यांच्या खोलीत आधीच्या सहा प्राचार्यांचे फोटो ओळीनं टांगलेले होते. सर त्यातल्या कुणाचं नाव घ्यायचे नाहीत. पहिले, दुसरे, तिसरे, एवढंच. फोन उचलला तरी, "हां, सातवा बोलतोय." कधी भिंतीकडे बघून म्हणायचे, "चौथ्यांनी हे केलं नसतं." चौथे कधीच वारलेले. नवीन लागलेल्या एका मॅडमना वाटलं होतं की सर विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या नंबराविषयी बोलतायत.

त्यांच्या खोलीला दार नव्हतं. सहाव्यांनी मोठ्या हौसेनं काचेचं दार बसवलं होतं, मधोमध 'ढकला' अशी पांढरी अक्षरं. सातव्यांनी आल्या आल्या ते काढायला लावलं. शिक्षकांना वाटलं, काय ही पारदर्शकता! सरांचं कारण वेगळं होतं. "दार असलं की माणूस वाजवतो. वाजवलं की थांबतो. थांबला की जे सांगायला आला त्यातलं निम्मं गिळतो. मी निम्मं ऐकून करू काय?"

काढलेलं दार त्यांनी मुलींच्या हॉस्टेलवर पाठवून दिलं. विटांच्या दोन ओट्यांवर ते आडवं टाकलं आणि आमचं अभ्यासाचं टेबल झालं. माझी बी.ए. त्या काचेवर झाली. वही सरकवली की खालून 'ढकला' दिसायचं. परीक्षेच्या दिवसांत त्याच्याएवढा धीर दुसऱ्या कशानं आला नाही.

आणि बेदाणे. सर मूळचे तासगावकडचे, घरची द्राक्षबाग. शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, बेदाणे असायचेच. कुणी तणतणत आलं, मग तो पालक असो, प्राध्यापक असो नाहीतर आमच्यासारखं आंदोलन असो, सर त्याच्या तळहातावर चार बेदाणे ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी चावा, मग बोला."

माणसाला चावता चावता ओरडता येत नाही. ही गोष्ट मला कुठल्याही शिबिरात कुणी शिकवली नव्हती.

माझं पहिलं पत्रक हॉस्टेलच्या पाण्यावर होतं. टाकीत शेवाळ, नळाला वास. मी लिहिलं, 'निष्क्रिय प्रशासनाचा जाहीर निषेध', आणि गेटवर उभं राहून वाटलं. दुपारी शंकरमामा आले. हे सरांचे शिपाई. चहा देता देता कॉलेजातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या कानावर पडायच्या आणि तिथे फार वेळ टिकायच्या नाहीत.

"चल बाई, सातव्यांनी बलिवलंय. लाल पेन काढलाय."

मी रुबाबात गेले. सरांच्या समोर माझं पत्रक आणि त्यावर खरंच लाल रेघा.

"या, पत्रकबाई." त्यांनी बेदाणे पुढे केले.

"मला नकोत. तोंड बंद करून घ्यायला मी आलेली नाही."

"बंद कुठं करतोय? चावायचं म्हणजे उघडावंच लागतंय की."

मी चावले. सरांनी पत्रक माझ्याकडे वळवलं. दहापैकी साडेचार मार्क होते.

"रागाला पाचपैकी साडेचार. लय चांगला राग हाय. पुराव्याला भोपळा. टाकी शेवटची कवा धुतली? न्हाई लिहिलं. पाणी पिऊन किती पोरी आजारी? न्हाई लिहिलं. आणि हे 'निष्क्रिय प्रशासन' म्हणजे कोण गं? तिसरीतला गुंड्या का? शिवी द्यायची तर पत्त्यावर पोचली पायजे."

"पत्ता तुमचाच आहे."

"मग लिही की माझं नाव! मी काय घाबरतोय व्हय?"

टाकी दुसऱ्याच दिवशी धुतली गेली. पण मला त्या साडेचारनं झोप लागेना. पुढचं पत्रक मी पुरावे गोळा करून काढलं, लायब्ररी संध्याकाळी बंद असते त्यावर. साडेसहा. तासिका तत्त्वावरच्या सरांना महिनोन्‌महिने मानधन मिळत नाही, यावर काढलं त्याला साडेसात. साडेसातच्या वर ते कधी गेलेच नाहीत. एकदा मी भांडले, उरलेले अडीच कुठे जातात म्हणून. म्हणाले, "ते तुझ्या पुढच्या पत्रकासाठी शिल्लक. सगळं एकदम दिलं तर तू घरी बसशील."

आमच्या विद्यार्थी संघटनेतल्या पोरांना हे अजिबात आवडायचं नाही. ज्याच्याविरुद्ध लढायचं त्याच्याकडूनच पेपर तपासून आणायचे? मलाही पटत नव्हतं. तरी पत्रक निघालं की मी दुपारपर्यंत शंकरमामांची वाट बघायचे.

प्राचार्य असूनही सर पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक तास स्वतः घ्यायचे. विषय इतिहास. पण पहिल्या दिवशी राजे नाहीत, लढाया नाहीत. फळ्यावर एक ते सात आकडे काढायचे आणि सांगायचे, "हा तुमचा इतिहास. तुमी ह्या बाकावर का बसलाय ते ह्यात हाय."

पहिले सायकलवरून इस्लामपूरपासून पूर्वेच्या माळापर्यंत हिंडले आणि गावोगावच्या पारावर बसून पोरं मागून आणली. सुगीच्या दिवसांत त्यांनी कॉलेजची वेळच बदलली, म्हणून शेतकऱ्याची पोरं टिकली. दुसऱ्यांच्या वेळी पाच मुली शिकायला आल्या आणि राहायला जागा नाही. दुसऱ्यांनी स्वतःच्या घरातली मागची खोली दिली, त्यांच्या पत्नीनं, बाईंनी, मुलींना पोटच्या पोरींसारखं जेवू घातलं. रोज सकाळी बाई स्वतः मुलींना वर्गापर्यंत सोडायला जायच्या, गावानं तोंड उघडू नये म्हणून. त्या खोलीचं पुढे हॉस्टेल झालं. तिसऱ्यांनी भिंत बांधली. चौथ्यांनी विज्ञान आणलं, पण त्याच्यासाठी नकाशांची खोली मोडली. पाचव्यांनी कानडीचा वर्ग बंद केला आणि जतकडच्या पोरांची एक वाटच बुजली. सहाव्यांनी कमान उभी केली.

"आणि सातव्यांनी?" मागून कुणीतरी हमखास विचारायचं.

"सातवा अजून चालूय. मोडंल का राखंल, बघा." मग हात झटकून म्हणायचे, "शिक्षण मुंबई-दिल्लीत ठरतं म्हणतात. ठरत आसंल. पण इथं पोचतं ते प्राचार्य काय मोडतो आणि काय मोडू देत न्हाई, त्यातनं."

मला हे तेव्हा गोड गोड वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. प्राचार्य सायकलवरून पोरं गोळा करायचे तो काळ गेला. आज कितीतरी कॉलेजांत पूर्णवेळ प्राचार्यच नाही, प्रभारी असतात. दिवसभर कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर माहिती भरतात आणि संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांच्या फोनची वाट बघतात. प्राचार्य म्हणजे संस्थेचा सगळ्यात वरचा कारकून, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून 'बरोबर' लिहिलं आणि मार्क मात्र वाढवले नाहीत.

दुसऱ्यांची एक गोष्ट सर वर्गात सांगायचे नाहीत. ती मला त्यांनी लिंबाला पाणी घालता घालता सांगितली. हा कडुलिंब दुसऱ्यांनी लावलेला, हॉस्टेलच्या दारात. एवढ्या मोठ्या झाडाला पाण्याची काय गरज? पण सर रोज एक तांब्या घालायचेच.

"हॉस्टेलला नाव का न्हाई, ठाव हाय तुला?"

खरंच नव्हतं. गेटला नाव होतं, हॉलला होतं, पाण्याच्या टाकीलासुद्धा कुणाच्या तरी स्मरणार्थ होतं. हॉस्टेलवर नुसतं 'मुलींचे वसतिगृह'.

"दुसऱ्यांनी लावू दिलं न्हाई. म्हणले, नाव लावलं की मालक तयार होतो. हे पोरींचं घर हाय, ह्याला दुसरा मालक नको. त्यांच्यामागनं कुणी हात लावला न्हाई त्या पाटीला."

ही गोष्ट लक्षात ठेवा.

मी दुसऱ्या वर्षाला असताना बातमी फुटली की हॉस्टेल बंद होणार. अर्थात शंकरमामांकडूनच. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या संचालक मंडळावर होता. त्याला त्या इमारतीत डॉक्टर-इंजिनियर होण्याच्या प्रवेश परीक्षांची अकॅडमी काढायची होती. बाहेरगावचे क्लासवाले येऊन खोल्या मापून गेले. आम्ही वर्गात असताना आमच्या कॉटांवर टेप ठेवून गेले!

बंद झालं तर मुलींनी काय करायचं? 'शहरात खोल्या मिळतात की,' असं पुतण्याचं उत्तर. मिळतात. पण कुणाला? आमच्या गावातून निघणारी पहिली एसटी सांगलीला पोचते तोवर कॉलेजचे दोन तास होऊन गेलेले असतात. खोली करून राहायला आमच्या घरून परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. वडिलांनी फोनवर दोन वाक्यांत विषय संपवला. "हॉस्टेल हाय तवर शीक. न्हाईतर गप घरी ये." ते वाईट नाहीत. त्यांना मुलीच्या खोलीवर कुणाचं लक्ष असणार, एवढंच दिसत होतं.

माझ्या शेजारच्या कॉटवर सुनीता होती. तिच्या घरच्यांची मेंढरं. वडील निम्मं वर्ष कळपामागं हिंडायचे, घर म्हणजे पालं. तिला तर परत जायला पत्ताच नव्हता. मामाकडे जायचं आणि मामानं स्थळ बघून ठेवलेलं. ती रडली वगैरे नाही. काचेच्या टेबलावर हात पसरून म्हणाली, "मला ह्या टेबलावर झोपू देतील का गं, क्लासवाले?"

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. दार नव्हतंच. सरांचा हात खिशाकडे गेला.

"बेदाणे नकोत," मी म्हणाले. "खरंय का खोटंय?"

"खरं हाय."

"मग तुम्ही काय करताय?"

"सातव्याच्या हातात काय असतंय? बैठकीला मी असतो, मत नसतंय मला."

"राजीनामा द्या."

"दिला की उद्या प्रभारी येईल. तो टेप धरायला मदत करील."

"म्हणजे तुम्ही गप्प बसणार."

सर खिडकीतून लिंबाकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "आप्पांवर लिहू नगंस." आप्पा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. "आप्पांना शिवी दिलीस तर ते हट्टाला पेटतील. पुतण्याचं खरं करून दाखवतील. लिहायचंय ते माझ्यावर लिही. उपास-बिपास नको, पोरी वाळतील. निस्तं मला झोड."

मला वाटलं, काय भेकड माणूस आहे! मालकाला वाचवतोय.

मी त्यांना झोडलं. मनापासून. त्यांनी सांगितलं म्हणून नाही, मला तसंच वाटत होतं म्हणून. 'प्राचार्य की टेप धरणारे?' हे शीर्षक. सगळ्या हॉस्टेलनं मिळून वाटलं.

आणि त्याच आठवड्यात शंकरमामा हॉस्टेलच्या पायरीवर येऊन बसले, टोपी काढून डोकं खाजवत.

"आगं, सातव्यांनी बैठकीत काय इचारलं म्हायती हाय? म्हणले, आप्पा, आईसाहेबांचं नाव कशालाच न्हाई आपल्याकडं. हॉस्टेलला देऊया. मातोश्री सखूबाई मुलींचं वसतिगृह. संगमरवरी पाटी, मोठा फोटू, कार्यक्रम."

"आणि आप्पा?"

"आप्पा म्हणलं, माझ्या लक्षात कसं आलं न्हाई वो हे? पुतण्या म्हणला, अकॅडमीलाच देऊ की आजीचं नाव. तर सातवं म्हणलं, आईसाहेबांनी आयुष्यभर पोरींना जेवू घातलं, क्लासवाल्यांच्या बोर्डाखाली कशाला त्यांचं नाव? आप्पा म्हणलं, व्हय, ते बराबर."

मी तिथेच पेटले. हॉस्टेल जायला आलंय आणि हा माणूस अध्यक्षांच्या आईच्या नावाची पाटी लावतोय! त्या रागात लिहिलेलं पत्रक मला अजून पाठ आहे. 'आम्हाला छप्पर हवे, तुमची पाटी नको. ज्या घराला दुसऱ्या प्राचार्यांनी मालक येऊ दिला नाही, त्या घराला सातव्यांनी मालक शोधून आणला.' कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही काळ्या फिती लावून प्राचार्यांचा निषेध करणार, हेही त्यात छापलं.

दुपार झाली, शंकरमामा आले नाहीत. चार वाजता मीच गेले. सर खोलीत नव्हते. पत्रक टेबलावर होतं, लाल रेघ एकही नाही. आणि भिंतीवर सहा फोटोंपैकी दुसऱ्यांचा फोटो उलटा, तोंड भिंतीकडे.

मी बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत उभी राहिले. कुणी पाडला असावा आणि चुकून तसा लावला असावा, असं म्हणून बघितलं. पण खिळ्यावर दोरी नीट बसवलेली होती. मागे वळले तर सर हातात रिकामा तांब्या घेऊन दारात. म्हणजे दार नव्हतं तिथे.

"ते बघत हुते," सर म्हणाले. "बघू देऊ कशाला?"

एवढंच. मी विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "फिती लावणार न्हवं? लावा. घोषणा माझ्या नावानं द्या. फोटोला हार घालताना गप ऱ्हावा, आईमाणूस हाय ती. एरवी सोडू नका. आणि मागच्या ओळीतल्या पोरींनापण ओरडायला सांग."

कार्यक्रम हॉस्टेलच्या दारातच, लिंबाखाली. मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. पंचक्रोशीतून आप्पांची माणसं आलेली, गाड्यांची रांग उसापर्यंत. पुतण्या पहिल्या रांगेत, क्लासवाल्यांना शेजारी घेऊन. आम्ही सगळ्या मुली एका बाजूला उभ्या, दंडाला काळ्या फिती. हार घालून झाला. आम्ही गप्प राहिलो. आप्पा माईकपाशी आले आणि मी हात वर केला.

"प्राचार्य, मुर्दाबाद!"

पोरींनी उचललं. मांडवातल्या माना वळल्या. सातवे व्यासपीठाच्या कडेला मान खाली घालून उभे. तोंडात काहीतरी होतं. चावत होते.

आप्पा सत्तरीचे, अंगानं थोराड, आवाज खणखणीत. त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. "काय झालं पोरीनु? कशाबद्दल?"

मी बोलणार तेवढ्यात सुनीता पुढे झाली. तिचं ठरलेलं नव्हतं. "आमचं हॉस्टेल बंद करायला लागल्यात वो आप्पा. आमी कुठं जाऊ?"

"कोण बंद करतंय?"

आता बघा. खरं उत्तर पहिल्या रांगेत बसलेलं होतं. मांडवातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, आप्पांनाही होतं. त्यांच्याच संमतीनं खोल्या मापल्या होत्या. पण आमच्या फिती, आमची पत्रकं, आमच्या घोषणा, सगळी बोटं एकाच माणसाकडे होती. आणि आप्पांच्या मागे त्यांच्या आईचा फोटो, नुकता हार घातलेला.

आप्पा सातव्यांकडे वळले. "प्राचार्य, ह्या पोरी काय म्हणत्यात?"

"चुकलं आप्पा," सर म्हणाले. "पोरींना भीती वाटली. मी बोललो न्हाई त्यांच्याशी. माझी चूक."

"चूक? आवं, माझ्या आईच्या दारात पोरी रडत्यात आणि तुमी चूक म्हणताय?" आप्पांचा आवाज चढला. चारचौघांत, माईकवर, त्यांनी सरांना असं काही सुनावलं की आमच्यातल्या दोघींनी फिती काढून मुठीत धरल्या. मग ते आमच्याकडे वळले. "माझी आई शाळंची पायरी चढली न्हाई. पण घरात आलेली पोर उपाशी गेली न्हाई कधी. जवर ह्या भिंतीवर तिचं नाव हाय, तवर ह्या घरातनं कुणी पोरीला भाईर काढणार न्हाई. हा माझा शब्द हाय. सगळ्यांनी ऐका." शेजारी बसलेल्यांचे मोबाइल वर झाले होते. सगळ्यांनी ऐकलं, आणि घेतलंही.

पुतण्याचा चेहरा मी आजही आठवून चहाबरोबर खाते.

त्या संध्याकाळी हॉस्टेलवर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही. सगळ्याजणी एकदम कपडे धुवायला लागल्या. आठवडाभर कुणी धुतलेच नव्हते; सामान बांधायचंय तर कशाला, म्हणून. लिंबापासून गॅलरीपर्यंत दोऱ्याच दोऱ्या. सुनीतानं वडिलांना फोन लावला, तिकडे मेंढरांचा गलका. ती फक्त म्हणाली, "आबा, हॉस्टेल ऱ्हायलं." पलीकडून बराच वेळ नुसती मेंढरं ऐकू आली. मग, "बरं झालं. मामाला मी सांगतो. तू वाच." ती टेबलावर डोकं टेकून बसली. काचेवर तिचा श्वास उमटत होता आणि पुसला जात होता.

पुतण्यानं पुढच्या बैठकीत आणखी एकदा प्रयत्न केला, असं शंकरमामा सांगतात. म्हणाला, पाटी तेवढी दुसरीकडे हलवू. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुणाला हलवतोस?" विषय संपला. आमच्या भागात कारखाना मोडतील, बँक बुडवतील, पण आईच्या नावाच्या पाटीखाली कुलूप लावायची कुणाची छाती नाही. सातव्यांना हे ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की आप्पांना माघार घ्यायला एक अपराधी लागेल. अपराधी त्यांनी घरचाच दिला.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले. दुसऱ्यांचा फोटो सरळ केलेला होता.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"न्हाईत. पण चष्म्यात राग दिसतोय." सरांनी बेदाणे पुढे केले. "तुमच्या मागच्या ओळीचा आवाज आला न्हाई काल. दोन पोरींनी फिती काढल्या. आंदोलनात असं चालत न्हाई."

मी बेदाणे घेतले, पण चावले नाहीत. म्हणाले, "सर, तुम्ही हॉस्टेल वाचवलंत. पण माझं पत्रक चूक नव्हतं."

"चूक कोण म्हणतंय?"

"मुलींना राहायला जागा हा हक्क आहे. कुणाच्या तरी आईची दया नाही. उद्या आप्पा नसतील. परवा कुणाला आईचं काही वाटणार नाही. मग?"

मला वाटलं आता म्हणतील, मोठी हो मग कळेल. तसं म्हणाले असते तर हे लिहिलंच नसतं. सरांनी ड्रॉवरमधून ते बिनरेघांचं पत्रक काढलं, लाल पेन उघडला आणि कोपऱ्यात आठ लिहिले. पहिल्यांदाच साडेसातच्या वर.

"बरोबर लिहिलंयस. दुसऱ्यांनीपण हेच लिहिलं असतं. मला जमलं ते मी केलं, ते कमी हाय. ज्या दिवशी हे हॉस्टेल कुणाच्याबी नावाशिवाय टिकंल, त्या दिवशी शेवटचा मार्क. तवर तो मी राखून ठेवणार."

यावर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले. भाषणं नकोत, शाल नको, फोटोसुद्धा नको. फोटो नको म्हणाल्यावर आठव्यांची पंचाईत झाली, भिंतीवर काय लावायचं? सरांनी फक्त खिळा ठोकून दिला. आठवे तरुण आहेत, इस्त्रीचे आहेत आणि पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ह्या खोलीचं दार कुठाय? शंकरमामांनी सांगितलं, पोरी त्याच्यावर अभ्यास करत्यात. बघू, आठवे काय मोडतात नि काय राखतात. मी आता एम.ए.ला आहे, आणि पत्रकांना कागद लागतो तेवढा आहे.

शेवटच्या दिवशी चार वाजता सर त्यांची जुनी स्कूटर घेऊन निघाले. लिंबाला तांब्याभर पाणी घालून झालं होतं. आप्पा गेटपर्यंत सोडायला आले होते. हॉस्टेलच्या गॅलरीत सगळ्या मुली येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला कौतुकाचं बोलता येत नाही. माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"सातवे सर!"

आणि सगळं हॉस्टेल, पहिल्या वर्षाच्या पोरींपासून मागच्या ओळीपर्यंत, "मुर्दाबाद!"

आप्पा दचकले. "आरं, आज तरी..." असं काहीतरी म्हणत होते. सरांनी स्कूटर थांबवली, मागे वळून वर पाहिलं आणि कानामागे हात धरला. म्हणजे, ऐकू आलं नाही.

आम्ही पुन्हा घोषणा दिली. सगळा ऊस ऐकेल अशी.

तेव्हा सरांनी दोन्ही हात हँडलवरून उचलले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची चार. अंगठा मुडपलेला. मग किक मारून ते तासगावच्या रस्त्याला लागले.

नऊ. तो अंगठा उघडायचा राहिलाय.